भट्टीवाला आणि तीन नंबरची बाई

भट्टीवाल्याचं बाहेर काहीतरी चाललंय, ही कुजबूज आधी जिन्यात सुरू झाली. जिन्यातली कुजबूज ती, खालच्या पायरीवर कशाला थांबेल? मजल्यामजल्यावर पाणी पीत, चार घरचं तिखटमीठ लावून घेत ती वर चढली आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, जिच्या कानावर जायला नको त्या त्याच्या बायकोच्याच दारात येऊन उभी राहिली.

घेऊन आल्या शिंपीणबाई. त्याही ह्या नवराबायकोच्याच देशाच्या, पण कितीतरी आधी इथे परमुलखात आलेल्या. त्यामुळे नंतर आलेल्या सगळ्यांच्या संसाराची मापं आपणच घ्यायची, असा त्यांचा समज होता. जिभेला कात्रीपेक्षा धार जास्त.

"मी आपली काही बोलत नाही हं," त्या टेकल्या टेकल्या म्हणाल्या. म्हणजे आता बोलणार. "पण काम शोधायला जाणारा माणूस शर्टाला इतकी कडक इस्त्री करतो होय गं? आणि वर अत्तर?"

"साहेबासमोर जायचं असतं ना, ताई."

"साहेब कुठला आलाय! बाई आहे ती. रोजगार कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीत. माझ्या गिऱ्हाइकीणीने डोळ्यांनी पाहिलं. बोलावलेलं नसतं तरी तुझे हे रोज जाऊन बसतात, अगदी कचेरीला कुलूप लागेपर्यंत. अशा दिवसांत बायकोचा पाय जड असतो, आणि पुरुषाचा फार हलका होतो बाई!"

बायकोला दिवस गेले होते. तिने हसून चहा पुढे केला खरा, पण साखर घालायची विसरली.

नवऱ्याची आपल्या गावी पावाची भट्टी होती. इथे भट्टी नव्हती, नुसतं नाव उरलं होतं. काम मिळेपर्यंत सरकारी रोजगार कचेरीत नाव लावून ठेवायचं, कचेरी बेकऱ्यांना नंबर देते, बेकरीवाले फोन करतात, अशी इथली रीत. काम मिळालं तर राहण्याचा परवाना वाढणार. आणि आलेलं काम दोनदा नाकारलं तर कचेरी नाव कापणार. नाव गेलं की परवाना गेला, आणि पोटातल्या पोरासकट माघारी. माघारी तरी कुठे? भट्टी विकूनच तर ते आले होते.

त्यात एकदा काम नाकारून झालं होतं. एका बेकरीने फोन केला होता आणि ह्या महाशयांनी चक्क नको म्हटलं, असं कचेरीने कळवलं. बायकोने विचारलं, "अहो, आपल्याला नाकं मुरडणं परवडतं का?" तर तो उठून शर्टाला इस्त्री करायला लागला. तेव्हापासून ती दिवस मोजत होती, पोराचेही आणि परवान्याचेही.

आता शिंपीणबाई गेल्यावर तिला एकेक आठवायला लागलं. भाषा न येण्याचं तर निमित्त नव्हतंच. इथली भाषा त्यानेच आधी शिकून तिला शिकवली होती. भाजीवाल्याशी तो अशी घासाघीस करी की भाजीवालाच हात जोडी. मग घोडं अडतंय कुठे?

दुसऱ्या दिवशी तो अत्तर लावून बाहेर पडला. ती पीठ काढायला गेली आणि वाटीसाठी पिठाच्या डब्यामागच्या रिकाम्या डब्यात हात घातला तर हाताला काय लागावं? त्याचा मोबाईल. टॉवेलमध्ये गुंडाळून, बाळंतिणीसारखा उबेत निजवलेला.

घरून कोणी फोन करू नये म्हणून घरीच ठेवून जातो! हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने मोबाईल पिशवीत टाकला आणि तशीच निघाली.

कचेरीच्या लांबलचक खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या. माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसली होती. मोठ्याने बोललं तर मिळणारं काम पळून जाईल, असा सगळ्यांचा चेहरा. भट्टीवाला तीन नंबरच्या खिडकीपाशी उभा होता. आत चष्मेवाली बाई काहीतरी सांगत होती. तो पुढे झुकला होता, आणि बघत कुठे होता? सरळ तिच्या ओठांकडे. पापणी न लववता. बाई बोलायची थांबली की हा मान डोलावून गोड हसायचा. स्वतःच्या लग्नातसुद्धा ह्याने बायकोकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

"छान!" बायको मागून म्हणाली. "चालू द्या. मी आपली डोहाळे पुरवून घ्यायला आले होते."

तो वळला आणि पिठासारखा पांढरा पडला. "अगं, तू? इथे?"

"का? फक्त हिनेच बसायचं का इथे?"

बाईंना ह्या दोघांच्या भाषेतलं अक्षर कळलं नाही, पण बायकांना सूर कळतो. त्यांनी सरळ कामाचंच काढलं. "बरं झालं, तुम्ही आलात. ह्यांना समजावा. एक बेकरी दोन दिवस ह्यांना फोन लावतेय आणि हे उचलत नाहीत. आज शेवटचा लावणार आहेत. नाही उचलला तर काम नाकारलं असं धरावं लागेल. दुसऱ्यांदा."

बायकोला जेमतेम भाषा येत होती, पण 'दुसऱ्यांदा' बरोबर कळलं. ती काही बोलणार तोच तिच्या पिशवीत मोबाईल वाजला.

भट्टीवाला दोन पावलं मागे सरला. पिशवीतून साप निघावा तसा.

"घ्या!" तिने मोबाईल त्याच्या हातात कोंबला. "माझ्यासाठी नको, पोरासाठी घ्या!"

त्याने तो कानाला लावला. "हो," म्हणाला. मग परत, "हो." कपाळावरून घामाची धार लागली. डोळे त्या खोलीभर कोणाला तरी शोधत होते. "हो. हो..." बायकोने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. भाजीवाल्याला नमवणारा नवरा एवढंसं पोर होऊन उभा होता, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

चष्मेवाल्या बाईंनी हात पुढे करून मोबाईल काढून घेतला, स्पीकरवर टाकला, बेकरीवाल्याचं ऐकून घेतलं आणि त्याला जरा थांबवलं. मग भट्टीवाल्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "ते विचारताहेत, तुम्हाला दुसरीकडे काम मिळालंय का? तुम्ही तर हो म्हणालात."

"नाही, नाही!" तो ओरडलाच. "कुठे मिळालंय?"

"मागच्या बेकरीनेही हेच विचारलं होतं का?"

तो खाली बघू लागला. "विचारलं काहीतरी. मी हो म्हणालो."

मग बेकरीवाला बोलला की बाई तेच भट्टीवाल्यासमोर म्हणत, आणि हा फटाफट उत्तरं देई. कणीक कशी मळता? पहाटे याल का? "पहाट तर बायकोची सवत आहे," बायकोकडे चोरून बघत तो म्हणाला, "रोज बायकोला सोडून तिच्याकडे जायचो." बेकरीवाला तिकडे खो खो हसला आणि म्हणाला, उद्या येऊन पावाचा एक घाणा काढून दाखवा.

तो गेला, घाणा काढला, राहिला. परवाना वाढला.

जिन्यात मात्र तीन नंबरच्या बाईचं अजून चघळलं जातं. शिंपीणबाईंना खरं सांगून पाहिलं, त्यांना ते फार मिळमिळीत वाटलं. खरं एवढंच होतं: बोलणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर भट्टीवाल्याला इथली भाषा कळत नव्हती. म्हणून त्याला फोनची भीती वाटायची, आणि काम आलंच तर ते समोरासमोर कळावं, म्हणून तो रोज कचेरीत जाऊन बसायचा.