मुन्सिपालटीचं कारंजं कुठं आहे?

चीफ ऑफिसर टेबलाखाली गेले तेव्हा मी टेबलावर उभा होतो. समोर बाजारपेठ भरून माणसं होती आणि ती एका सुरात ओरडत होती, "हणा! हणा!"

मी कुणाला हाणायला सांगितलं नव्हतं. मी लोकांना बजेट समजावून सांगत होतो.

गावाचं नाव लिहीत नाही. निपाणी आणि संकेश्वर यांच्या मध्ये कुठंतरी धरा. तिथली मुन्सिपालटी अजून आहे आणि मलाही अजून तिथंच राहायचं आहे. मी भूपालअण्णांच्या छापखान्यात हस्तपत्रकं लिहितो. तंबाखूच्या वखारीची जाहिरात, तमाशाची जाहिरात, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, हे पोटासाठी. सरकारच्या आणि मुन्सिपालटीच्या कानाखाली चार ओळी, हे माझ्यासाठी. अण्णांना पहिला प्रकार आवडतो.

बजेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. वर्ष सुरू होण्याआधी मुन्सिपालटी लिहून काढते की आपल्याकडून किती पट्टी येणार आणि ती कशावर खर्च होणार. खर्चाच्या प्रत्येक कप्प्याला 'हेड' म्हणतात. दिवाबत्ती एक हेड, गटारं एक हेड, विहिरी एक हेड. ज्याचं हेड नाही त्याच्यावर खर्च करता येत नाही. एवढंच. यात न समजण्यासारखं काही नाही, म्हणून ते इंग्रजीत लिहितात.

कायद्यानं बजेट नागरिकांना पाहायला खुलं ठेवावं लागतं. आमच्याकडं ते कचेरीत, कपाटाच्या काचेआड, उंचावर चिकटवलेलं होतं. मी स्टूल मागितलं. कारकून म्हणाला, "स्टूल कशाला?"

"वाचायचंय."

"पाहायला खुलं आहे असं लिवलंय. पाहा की. वाचायचं कुठं लिवलंय?"

मी खिडकीच्या चौकटीवर चढून वाचलं. खालच्या आळीच्या विहिरीतला गाळ काढायला तरतूद नाही, हे मला माहीत होतं. त्या आळीतल्या बायका उन्हाळाभर अर्धा मैल लांब ओढ्यावर जातात. दरवर्षी अर्ज करतात आणि दरवर्षी 'फंड नाही' असं उत्तर येतं. मी शोधत होतो तो फंड कुठं गेला ते. आणि खाली, अगदी शेवटी, एक हेड दिसलं. इंग्रजीत लिहिलं होतं, 'फौंटन, रिपेअर अँड अपकीप'. आकडा विहिरीच्या गाळाला पुरून वर उरेल असा.

फौंटन म्हणजे कारंजं; त्याची दुरुस्ती आणि देखभाल. आमच्या गावात कारंजं नाही. आमच्या गावात नळ नाही, तर कारंजं कुठलं?

मी चौकटीवरून उडी मारली ती थेट छापखान्यात. पत्रक लिहिलं. मथळा: 'कारंजं दाखवा!' खाली लिहिलं की बायका घागरी घेऊन ओढ्यावर जातात आणि मुन्सिपालटी न बांधलेल्या कारंज्याची दुरुस्ती करते. ज्यानं हे कारंजं पाहिलं असेल त्यानं छापखान्यात येऊन कळवावं.

भूपालअण्णांनी मजकूर वाचला आणि डोक्याला हात लावला. "दत्तू, लेका, सिक्युरिटी जाईल माझी."

सिक्युरिटी म्हणजे छापखान्यानं सरकारकडं ठेवलेली ठेव. काही आक्षेपार्ह छापलं तर ती जप्त होते. आमची जप्त झाली असती तर दुसरी भरायला अण्णांकडं काही नव्हतं. छापखाना बंद, अण्णा घरी, मीही घरी.

"अण्णा, यात आक्षेपार्ह काय? नुसता प्रश्न आहे."

"प्रश्नच तर न्हाय आवडत त्येंना. उत्तर असतं तर काय म्हणाले नसते."

तरी त्यांनी छापलं. त्यांची सख्खी बहीण खालच्या आळीत राहते आणि ती रोज सकाळी घागर घेऊन छापखान्यावरून जाताना भावाला काय काय ऐकवते, ते मी लिहिलं तर खरंच जप्ती येईल.

गावात निम्मे लोक घरात कानडी बोलतात, म्हणून पत्रक कानडीतही हवं होतं. ते मल्लाप्पा मास्तरांनी केलं. मास्तर शाळेत कानडी शिकवतात आणि शुद्धतेच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. सभेत द्यायची घोषणाही त्यांनीच घडवली. 'आमचा पैसा कुठं आहे?' याचं कानडी. आमच्या भागात कानडी माणूस पैशाला 'रोक्क' म्हणतो. मी तसंच सुचवलं.

मास्तर दुखावले. "रोक्क हा बाजारातला शब्द आहे. छापायचा शब्द 'हण'. नम्म हण एल्लि?"

"मास्तर, हण कोण म्हणतं हो इथं?"

"कोणी म्हणत नाही म्हणूनच तर भाषा बिघडली. लोकांना उंच न्यायचं की आपण खाली जायचं?"

मी आंदोलन करणारा माणूस. लोकांना उंच नेणं मला कधीही पटतं. 'हण' ठेवला.

तोवर गावात कारंज्याचा शोध सुरू झाला होता. बाजाराच्या दिवशी कंग्राळीकडचा एक भाजीवाला आलता, तो मुद्दाम विचारत होता, "कारंजं बघायला आलतो, कुठं हाय?" कुणी म्हणालं, देवळामागच्या चौथऱ्यावर. तिथं मिरच्या वाळत होत्या. कुणी म्हणालं, बेळगावात कॅम्पात साहेबांच्या बंगल्यात एक आहे, तेच आपलं असेल, चुकून तिकडं बसवलं असेल. एका म्हाताऱ्यानं शपथेवर सांगितलं की लहानपणी त्यानं ते उडताना बघितलंय.

शेवटी आम्ही सभा लावली. छापखान्यातलं टेबल उचलून वखारीसमोर ठेवलं. चीफ ऑफिसरना उत्तर द्यायला बोलावलं आणि ते आले, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. पुण्याकडचे गृहस्थ, बदलीवर नवीन आलेले, धोतर इस्त्रीचं. त्यांना टेबलाशेजारी खुर्ची दिली. बंदोबस्ताला फौजदार, ते रत्नागिरीकडचे. दोघांनाही कानडीचं अक्षर येत नव्हतं.

मी हेड म्हणजे काय ते सांगितलं. पट्टी कुठून येते ते सांगितलं. लोक शांत ऐकत होते. मग मी म्हणालो, "आता मास्तरांनी दिलेली घोषणा. मी म्हणेन 'नम्म', तुम्ही म्हणायचं 'हण'."

कानडीत शेवटचं अक्षर गिळत नाहीत, पूर्ण उच्चारतात. त्यामुळं 'हण' कानाला 'हणा' लागतो. हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पण हजार माणसं छातीतून ओरडली की तो कसा लागतो, ते त्या दिवशी कळलं.

"नम्म!"

"हणा!"

"नम्म!"

"हणा! हणा!"

आमच्या मराठी पोरांना दोन्ही अर्थ ठाऊक होते. म्हणून ती जास्त जोरात ओरडली. चीफ ऑफिसरनी एकदा गर्दीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ते टेबलाखाली गेले.

फौजदार शिट्टी फुंकत पुढं आले. "कोण हाणा म्हणतोय? कोणाला हाणा म्हणतोय?"

पुढच्या रांगेतला एक शेतकरी प्रेमानं समजवायला गेला. "साहेब, हण. हण! मुन्सिपालटीचा हण!"

"मुन्सिपालटीला हाण? माझ्यासमोर म्हणतोस?"

कुणी कुणाला बोट लावलं नाही. पूर्ण दंगलीत एकच जखम झाली. बाहेर निघताना चीफ ऑफिसरांचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं आणि टेंगूळ आलं. फौजदारांनी ते टेंगूळ पंचनाम्यात घेतलं. टेबल जप्त केलं. ज्याच्यावर आम्ही टाइप जुळवतो ते टेबल.

आठवड्याभरात नोटीस आली. जमावाला मारहाणीस चिथावणी. छापखान्याची सिक्युरिटी जप्त का करू नये, याचा खुलासा प्रांतसाहेबांसमोर करावा.

प्रांत म्हणजे कलेक्टरच्या खालचा अधिकारी. हे तरुण गोरे साहेब होते, गावाबाहेरच्या बंगल्यावर मुक्कामाला आलेले. आत गेलो तर समोर चीफ ऑफिसर, फौजदार आणि मुन्सिपालटीचे प्रेसिडेंट रावसाहेब बसलेले. रावसाहेब तंबाखूचे मोठे व्यापारी. अण्णा माझ्यामागं उभे राहून जिनदेवाचं नाव घेत होते. मधेच मला हळूच म्हणाले, "तू कायबी बोलू नको. माफी माग."

फौजदारांनी वाचून दाखवलं. "जमाव 'हाणा, हाणा' असे ओरडत होता."

प्रांतसाहेबांनी पत्रक उलटं करून कानडी बाजू वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर. मग त्यांचा चेहरा उजळला.

"हण! हण मीन्स मनी!"

फौजदारांनी आपला कागद पुन्हा वाचून बघितला.

"मी कानडी परीक्षा पास केला," साहेब अभिमानानं म्हणाले. "पुस्तकात हण होता. हे सुंदर शब्द. इथे कोणी बोलत नाही. सगळे रोक्क, रोक्क." मास्तरांना साक्षीला आणलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तर लोक हाणा नाही म्हणत होते," साहेब म्हणाले. "ते म्हणत होते, आमचं पैसा कुठे आहे. बरोबर?"

"व्हय साहेब," अण्णा माझ्याआधी बोलले.

"गुड. मग कुठे आहे?"

हा प्रश्न त्यांनी चीफ ऑफिसरना विचारला होता. चीफ ऑफिसरनी रावसाहेबांकडं बघितलं. रावसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"हे कारंजं," साहेब म्हणाले, "मला बघायचं आहे."

"ते कारंजं नाही साहेब," चीफ ऑफिसर म्हणाले. आपण बदलून आलो तेव्हापासून असंच लिहिलेलं आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. "हेड फौंटन पेनचं आहे. पेन हा शब्द कॉलमात मावला नाही."

सगळ्यांनी रावसाहेबांच्या कोटाच्या खिशाकडं बघितलं. रावसाहेबांनी खिशावर हात ठेवला, जणू कुणी ते आत्ताच काढून घेणार होतं.

माझं पत्रक चुकलं होतं. तरी मी गप्प बसणारा नव्हतो. "एका पेनाला इतका खर्च? ते शाई पितं की दूध?"

"दुरुस्तीला मुंबईला पाठवावं लागतं," रावसाहेब म्हणाले. "इथं कुणाला निब कळत नाही."

"पोस्टानं?" साहेबांनी विचारलं.

"पोस्टात हरवतं. माझे मेहुणे घेऊन जातात."

"दरवर्षी?"

"वर्षातून दोन-तीनदा. निब नाजूक आहे."

माझ्यामागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, पण बंगल्यात आवाज घुमत होता. "मग मुंबईत मेहुण्यांचं लगीन झालं ते त्या निबानंच लावलं म्हणायचं."

प्रांतसाहेबांनी त्याचं भाषांतर मागितलं. मास्तरांनी ते शुद्ध कानडीत केलं. साहेब बराच वेळ रुमालात तोंड घालून बसले.

निकाल तिथंच सांगितला. सिक्युरिटी जप्त नाही. टेबल परत. पेनाचं हेड बंद, ती रक्कम खालच्या आळीच्या विहिरीला. आणि यापुढं बजेट मराठीत आणि कानडीत छापून कचेरीबाहेर, माणसाच्या उंचीवर लावायचं.

पावसाच्या आत विहिरीचा गाळ निघाला. अण्णांची बहीण आता घागर घेऊन छापखान्यावरून जात नाही. अण्णा म्हणतात, चुकल्यासारखं वाटतं.

छपाईचं काम आम्हालाच मिळालं. हेड सगळी सोप्या भाषेत लिहिली: दिव्याचं तेल, गटाराचा गाळ, पाहुण्यांचे हार. कानडीत मी सरळ 'रोक्क' घातला, त्यावरून मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. बजेट लागलं त्या दिवशी कचेरीबाहेर बाजाराइतकी गर्दी होती. पाहुण्यांचे हार इतके का, यावर दुपारपर्यंत दोन भांडणं झाली. चांगली भांडणं होती.

मग मी छपाईचं बिल घेऊन गेलो. कारकुनानं बिल बघितलं, नवीन बजेट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बिल परत केलं.

"बजेट छापायचं हेडच न्हाय."

"अहो, छापायचा हुकूम आहे प्रांतांचा!"

"हुकूम हाय. तरतूद न्हाय. पुढच्या वर्षी बघू."

सरकारला आपला कारभार लोकांना समजावून सांगणं तत्त्वतः मान्य असतं. त्यासाठी फक्त पैसे ठेवलेले नसतात. तरतूद म्हणजे काय, हे ज्यांना अजून कळलं नसेल त्यांनी आमच्या गावात यावं. खालच्या आळीतलं कुणीही सांगेल.