उभ्या उभ्या काढलेली संस्था

माझे थोरले साडू खुर्चीत बसलेत, असं दृश्य शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत कुणी पाहिलेलं नव्हतं. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण बंदोबस्त काही त्यांच्या अंगातून गेला नाही. कुणाच्याही लग्नाला गेले की अक्षता राहतात हातात आणि हे मांडवाबाहेर गाड्या लावून देत असतात. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. धसईच्या बाजारात भाजीवाली वजन करेपर्यंत हे पुढच्या तिघींचे भाव विचारून परत आलेले असतात. माझी मेहुणी म्हणते, लग्नात त्यांनी सप्तपदी तेवढी मनापासून केली, कारण ती चालायची होती.

अशा माणसानं कर्तव्य बजावताना जीव गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांसाठी संस्था काढायचं मनावर घेतलं. स्थापनेच्या सभेला आम्ही आसनगावात जमलो, हारतुरे आले आणि संस्थापकच गायब. मुरबाडकडच्या एका शिपायाच्या विधवेचं छप्पर गळतंय, असं कुणीतरी दारातच सांगितलं होतं. तेवढ्यावर हे कौलं घेऊन निघून गेले. शेवटी आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना अध्यक्ष केलं. नंतर मी चिडलो, तर म्हणाले, "चितेपुढच्या सलामीच्या दिवशी सगळा गाव असतो. वर्षश्राद्ध झालं की कोण नाय जात. तिथून आपली ड्यूटी."

एकच दार उघडत नव्हतं. शेणव्याच्या एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा नाकाबंदीच्या ड्यूटीवर ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून पोलीस दिसला, मग तो निवृत्त का असेना, की ती आतून कडी लावायची. साडूंचा जीव तिथंच अडकला. जायचे, अंगणात लाकडं फोडायचे, बंद दाराला "येतो, आई" म्हणून परतायचे आणि घरी येरझारा घालत बसायचे, म्हणजे बसायचे नाहीतच. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

परवा मी सोबत होतो. फोडलेल्या लाकडांचा ढीग दाराला टेकायला आला, तेव्हा कडी निघाली. "बास कर आता," म्हातारी म्हणाली, "मला भायेर याया वाट ठेव." मग आत जाऊन तिनं चहा आणला. साडूंनी सवयीनं उभ्यानंच कप तोंडाला लावला. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझा पोर पन असाच उभ्यानं चा पिऊन गेला. तू तरी बस रे."

साडू ओटीवर बसले, चक्क मांडी घालून. थोड्या वेळानं परतीच्या एसटीचा आवाज ऐकून मी घाईनं उठलो, अंगणापर्यंत गेलो. ते जागचे हलले नाहीत.