दिराची गाडी आणि दोन कॅन

गाडीच्या पॉलिशचा वास आला की मला दिराची ती मोटारसायकल आठवते आणि त्याच्यावर आजही डोकं फिरतं. दुष्काळ होता, हर्सूलचा तलाव आटला होता, आमच्या नव्या कॉलनीत नळाची लाइनच आली नव्हती आणि घरोघरच्या गाड्यांना दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन लटकलेले असायचे. अशात माझ्या दिरानं गोल दिव्याची, आजोबांच्या काळातली वाटावी अशी कोरी करकरीत गाडी आणली. पळायला बेताचीच, पण त्याचा तोरा केवढा! एका रविवारी अजिंठ्याकडं फिरायला निघण्याआधी त्यानं ती धुतली, आणि तीही मी स्वयंपाकासाठी झाकून ठेवलेल्या पाण्यानं. मी दोरीच्या दोन टोकांना दोन रिकामे कॅन बांधले आणि त्याच्या सीटवर टाकले. तो ओरडला, "वहिनी, रंग खरवडंल ना! ही लांबच्या रस्त्याची गाडी हाय, निवांत चालवायची." "मग निवांत चला टँकरपर्यंत," म्हणत मी मागं बसले. अख्खी गल्ली बघत होती. येताना भरलेले कॅन माझ्या गुडघ्यांना घासत होते, एकाचं झाकण तर कधीच हरवलेलं, आणि रस्ता सगळा खोदून ठेवलेला. पण ती गाडी धकधक करत, एकही हिसका न देता, गाभण म्हशीसारखी संथ चालली. घरी उतरून बघते तर माझी साडी कोरडी. गाडीवरचा माझा राग तिथंच गेला. दिराशी मात्र मी अजूनही कामापुरतंच बोलते.