आईला समुद्र कोणी दाखवला?

माझ्या वडिलांनी मला फसवलं. तेही वारल्यानंतर दहाएक वर्षांनी, कोकणात, भर दिवसा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी उगाच गोल गोल फिरवतोय.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. छत्रपती संभाजीनगरला हर्सूलच्या रस्त्यावर माझं जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान आहे. पाडलेल्या घरांचं सागवान घेतो, घासूनपुसून विकतो. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, या दारात म्हणे म्हातारी दिसायची, जरा भाव कमी करा. मी म्हणालो, म्हातारी फुकट न्या, दाराचा भाव तोच. असा माणूस आहे मी.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, वैजापूरकडं मेंढरं राखायचे. स्वभावानं गरीब, पण शब्द द्यायचा आणि विसरायचा, यात त्यांचा हात कोणी धरला नसता. तरुणपणी एकदा दुसऱ्याची मेंढरं घेऊन कोकणात उतरले आणि समुद्र पाहून आले. लग्न झाल्यावर आईला म्हणाले, तुला दाखवीन. मला कळायला लागल्यापासून मी हे ऐकतोय. दाखवला नाही तो नाहीच. पुढं मी शून्यातून दुकान उभं केलं, घर बांधलं, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन केलं. दर वेळी आई काय म्हणाली? "तुझ्या अण्णांची पुण्याई." राबायचं मी, पुण्याई त्यांची!

म्हणून ठरवलं, समुद्र मी दाखवणार. निदान हे एक काम तरी माझ्या नावावर लागलं पाहिजे.

नाताळच्या सुट्टीत निघालो. मी, बायको, मुलगी ऋतुजा आणि आई. रात्री पुण्याला मेहुणीकडं राहिलो, पहाटेच ताम्हिणी घाटानं खाली उतरलो. घाट संपल्यावर बायको आणि ऋतुजा चहा-वडा खायला टपरीवर गेल्या. आई मागच्या सीटवर झोपली होती. मी दारं आतून लॉक केली आणि मीही स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. जरासा डोळा लागला असेल... बायकोनं काच वाजवली तेव्हा जागा झालो. बघतो तर आईच्या लुगड्याचा काठ ओला आणि पायाखाली वाळू. मला वाटलं बाटली सांडली. वाळू ऋतुजाच्या चपलांची असेल म्हणून तिला रागावलो. तिचं म्हणणं, "पप्पा, मी वाळू कुठून आणू? मी टपरीवरून येतेय." समुद्र तिथून चांगला दीड-दोन तास लांब होता.

वाटेत जेवणं उरकली आणि रिसॉर्टच्या अलीकडं मी आईच्या डोळ्यांवर माझी खिशातली दस्ती बांधली. समुद्राचं पहिलं दर्शन मी ठरवलेल्या बाल्कनीतूनच झालं पाहिजे ना! ऋतुजाला मोबाइल तयार ठेवायला सांगितलं. पण रिसेप्शनवर पोचतो तर काय, फोनवर कबूल केलेली समुद्राकडची खोली द्यायला मॅनेजर तयार नाही. म्हणाला, बागेकडची घ्या.

झालं. मी खुर्ची ओढून बसलो. दार विकताना गिऱ्हाइकाला कसं दमवायचं ते मला कोणी शिकवायला नको. आवाज चढवला, उतरवला, एकदा उठून जायचं नाटकही केलं. तासभर चाललं हे. आई तिकडं सोफ्यावर डोळ्यांना दस्ती बांधून शांत बसलेली. एका बाईनं तिला विचारलं, मोतीबिंदूचं झालं का हो? आई म्हणाली, "नाय बाई, पोराचं काम चालू हाय."

शेवटी मॅनेजरनं समुद्राकडच्या कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली पुढं केली. मी बायकोकडं विजयानं बघितलं. तिनं नेहमीसारखं दुसरीकडं बघितलं.

दुपार कलली होती. आईला हाताला धरून बाल्कनीत आणलं. ऋतुजानं व्हिडिओ सुरू केला. मी दस्ती सोडली आणि म्हणालो, "आई, बघ."

आईनं बघितलं. घरातलं कपाट बघावं तसं.

"व्हय," ती म्हणाली. "पाणी मागं गेलं की लई. सकाळी त्या होडीच्या खाली होतं."

होडी कोरड्या वाळूत आडवी पडलेली. पाणी तिच्यापासून बरंच लांब.

"सकाळी कुठं होतीस तू?"

"हितंच. तुझ्या अण्णांनी आणलं व्हतं. पाण्यात उभं केलं मला. पायाखालची वाळू सरकली तशी मी भ्याले, मग त्यांनी धरलं."

मी बायकोवर संशय घेतला, ऋतुजावर घेतला. कोणीतरी आईला मोबाइलवर समुद्र दाखवला असणार. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या धाकानं आम्ही आठवडाभर घरात मिठाचं पाणीसुद्धा केलं नाही." आईला स्वप्न पडलं, असं म्हणून मी विषय बंद केला. पण ती होडी मनातून जाईना. खाली जाऊन मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, हो, सकाळी भरती होती, होडी तरंगत होती.

मग तो हसला. "पण साहेब, तुमचे वडील मोठे गमतीचे हो."

मी विचारलं, कोण वडील?

"सकाळी आले होते ना, आजींना घेऊन. इथल्या दमट हवेत खांद्यावर घोंगडी. ती कोपऱ्यातली खोली त्यांनीच ठेवायला सांगितली. बोलताना माझं मनगट सोडेनात." त्यानं आपलं मनगट धरून दाखवलं.

अण्णा बोलताना समोरच्याचं मनगट धरायचे. सोडवून घेतलं की पुन्हा धरायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

मी तरीही व्यवहाराचं विचारलं. खोली ठेवली होती, तर मला तासभर का भांडायला लावलं?

मॅनेजर जरा ओशाळला. "तेच म्हणाले. म्हणाले, पोरगा तोंडाचा फटकळ हाय, मनानं बरा हाय. त्याला जरा भांडू द्या, नायतर त्याला सुट्टीत करमायचं नाय."

पुढं तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. सीसीटीव्ही पाहिला. सकाळचं रिसेप्शन. मॅनेजर एकटाच उभा आहे, हसतोय, मान हलवतोय. डावा हात पुढं केलेला, तसाच अधांतरी, बराच वेळ. मॅनेजरनं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

आता आई गल्लीत सगळ्यांना सांगते, "पोरानं नेलं, पण दाखवला त्यांनी." ऋतुजाच्या व्हिडिओत फक्त माझं उघडं तोंड आहे. लोक मला नाना कारणं सांगतात, वयाचं, उन्हाचं, मनाचं. मॅनेजरला कुठलं वय आणि कुठलं मन? ते मला कोणी सांगितलेलं नाही आणि मलाही आजवर कळलेलं नाही.

समुद्राचं श्रेय गेलं, खोलीचंही गेलं. जाऊ द्या, मी सोडलं. पण एक गोष्ट सोडणार नाही. आईला गाडीतून उठवून नेलं. त्या परक्या मॅनेजरचं मनगट धरलं. मी त्याच गाडीत होतो, आईच्या पुढच्याच सीटवर, हात लांब केला असता तर पोचला असता. समुद्र मीही तोवर पाहिलेला नव्हता. मग मला का उठवलं नाही? याचं उत्तर अण्णांनी द्यायचं आहे. मॅनेजरकरवी नको, आईकरवी तर नकोच. दुकानात यावं, समोर बसावं आणि माझं मनगट धरून सांगावं.