गोष्ट न सांगता सुचवलेलं नाटक

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते, आणि शहरातल्या हौशी नाटकवाल्यांना नवी नाटकं सुचवायची मला खोड आहे. स्पर्धेचे दिवस जवळ आले की मंडळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. "मॅडम, नवीन काय आलंय? लोकांना रडवणारं पाहिजे." जशी काही मी कांदेच विकते. पण मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आजकाल लिहिणारी तरुण मुलं-मुली आपल्या संहिता मला मेलवर पाठवतात. मी त्या छापून घेते, समासात पेन्सिलीनं खुणा करते आणि कोणाला कुठलं नाटक झेपेल याचा हिशेब मनात मांडत बसते.

माझा एकच नियम आहे, नाटकाची गोष्ट सांगायची नाही. "बघा, आणि रुमाल घेऊन जा," एवढंच. गोष्ट सांगितली की माणूस तयारीनं जातो, आणि तयारीनं गेलेल्या माणसाला नाटक लागत नाही. हा नियम मी इतक्या लोकांना ऐकवलाय की घरात नवरा त्याची नक्कल करतो.

मागच्या वर्षी एका मुलीचं नाटक आलं. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि तिचं सगळं करणारी मोठी मुलगी. आज मी नियम मोडून गोष्ट सांगतेय, कारण न सांगितल्यानं काय होतं ते मी भोगलंय. नाटकात मोठी मुलगी आईला चमच्यानं वरण भरवत असते. आई तोंड मिटून घेते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि ती मुलगी अगदी शांत आवाजात म्हणते, "मर ना गं आता." मग लगेच पदरानं आईचं तोंड पुसते. ते वाचून मी टेबलावरच रडले होते. पुढं धाकटी बहीण येते, फळांची पिशवी घेऊन. तिथं लेखिकेनं कंसात सूचना लिहिली होती की पूर्ण प्रवेशात धाकटी खांद्यावरची पर्स काढत नाही. त्या सूचनेवर तर मी फिदा झाले. इथल्याच एका संस्थेला मी ते नाटक दिलं, तालमीला दोनदा जाऊन बसले आणि दिग्दर्शकाला बजावलं, "बाकी काही गाळा, ती पर्स गाळू नका."

प्रयोग ठरला तसं मी सगळ्यांच्या हात धुवून मागं लागले. सहकारी, शेजारी, नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं. आणि ताईलाही फोन केला.

ताई माझी मोठी बहीण, पैठणला राहते. वडील धरणावर नोकरीला होते, त्यांनी तिथंच दोन खोल्या बांधल्या. आता तिथं आई असते, तीन वर्षांपासून एक बाजू लुळी पडलेली, आणि ताई असते. ताई साड्यांना फॉल-पिको करते. मशीन आईच्या पलंगावरून दिसेल असं दारात ठेवलंय. मी दर रविवारी जाते. म्हणजे अकराला पोचते आणि तीनच्या गाडीनं निघते.

"मी कशाला गं?" ताई म्हणाली. "आईला कोण बघल?"

"रविवारी दुपारचा प्रयोग आहे. संध्याकाळी परत जाशील. लई चांगलं नाटक आहे, बघच."

"कशावर हाय?"

"ते विचारायचं नाही," मी म्हटलं. माझा नियम!

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. शेजारच्या खाला बसायला तयार झाल्या होत्या. मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "जाने दो इसकू, मैं बैठतूं अम्मा के पास!" ताई हसत होती. मला फार बरं वाटलं. मोठं पुण्य केल्यासारखं.

गुरुवारी संस्थेच्या मुलांनी पत्रकासाठी माझ्याकडं चार ओळी मागितल्या. म्हणून संहिता पुन्हा उघडली, आणि त्या चमच्याच्या प्रवेशाशी आले तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. ही तर ताई. पलंग, वरण, तीन वर्षं, सगळं ताईचं. इतक्या वेळा वाचूनही ते माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. मी नाटक वाचत होते, घर नाही. आता ताई भरल्या नाट्यगृहात बसणार आणि समोर तिच्यासारखीच एक बाई आईला मर म्हणणार. तिला काय वाटेल? हेच ना, की धाकटीला माझ्याबद्दल हे वाटतं, मी आईच्या मरणाची वाट बघतेय असं वाटतं, म्हणून मुद्दाम बोलावून दाखवलं. आमच्या घरात कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही. जे बोलायचं ते आडून बोलायचं. ताईला हे आडून बोलणंच वाटणार होतं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. जेवण जाईना. शुक्रवारी तिला फोन केला, म्हटलं, "ताई, रस्ता सगळा खोदून ठेवलाय पाइपलाइनसाठी, गाडीला तास-तास लागतात. राहू दे का?"

"आता कसं राहू दे? निळी साडी काढली इस्त्री करून. लई दिवसांनी कुठं निघाले गं मी."

मग मी म्हटलं, "ताई, त्या नाटकात ना, एक आई..."

"ए, गोष्ट नको सांगू! तूच म्हणती ना, गोष्ट विचारायची नाय?" आणि तिनं फोन ठेवला.

माझं शस्त्र माझ्यावरच उलटलं. शनिवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. पिंपात पाइप सोडून मी विचार करत बसले आणि दारापर्यंत पाणी वाहून गेलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी. नवऱ्यानंच पोछा मारला, म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

रविवारी मी दीड वाजल्यापासून बसस्थानकावर उभी. पैठणची एक गाडी आली, तीत ताई नव्हती. मला वाटलं, आईला काही झालं. मग वाटलं, बरं झालं, नाही आली. आणि त्या 'बरं झालं'ची लाज वाटली. पुढच्या गाडीतून ताई उतरली, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, हातात कापडी पिशवी. "बिडकीनच्या अलीकडं अर्धा तास उभीच होती गाडी," ती म्हणाली. "चुकलं तर नाय ना नाटक?"

नाट्यगृहात मी तिला कडेच्या खुर्चीवर बसवलं. नको वाटलं तर उठून जाता यावं म्हणून. तिनं फोन मांडीवर ठेवला, खालांचा आला तर दिसावा म्हणून. पडदा उघडला आणि पलंग दिसला. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी समोर पाहिलं.

पुढचा अर्धा तास नाटक कसं झालं ते मला विचारू नका. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ताईचा हात बघत होते. चमच्याचा प्रवेश आला. आईनं तोंड मिटलं. एकदा. दोनदा. मला उठून ओरडावंसं वाटलं की थांबवा. तिसऱ्यांदा. "मर ना गं आता." आणि माझ्या शेजारी ताई अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "व्हय."

तिनं पाठ खुर्चीला टेकवली. तोपर्यंत ती पुढं वाकून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. ती रडत नव्हती. डोक्यावरचं ओझं खाली ठेवलेल्या बाईसारखी बसली होती. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. म्हटलं, सुटलो.

मग धाकटी बहीण आली. हातात पिशवी, खांद्याला पर्स. "आई, बघ काय आणलं!" म्हणत पलंगाच्या कडेवर टेकली. आईचा हात हातात घेतला, पर्स घसरली, तिनं वर सारली. मोठीला म्हणाली, "तू किती वाळलीस गं." पर्स वर सारली. "मला राहायचं होतं गं, पण मुलांच्या परीक्षा..." पर्स वर सारली. लोक हसायला लागले. ताईही हसली. गालातल्या गालात नाही, चांगली खळखळून, तोंडावर पदर धरून. किती वर्षांनी तिला असं हसताना ऐकत होते.

मीही हसणार होते. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून पर्सचा पट्टा घसरला आणि मी तो वर सारला.

चार वेळा वाचलेलं नाटक. पेन्सिलीनं मारलेली खूण. 'पर्स गाळू नका' म्हणून मीच सांगितलेलं. दर रविवारी शहागंजच्या बाजारातून मोसंबी घेऊन जाणारी, तीनच्या गाडीकडं डोळे लावून पलंगाच्या कडेवर टेकणारी मी. 'मला राहायचं होतं गं, पण पाण्याचा दिवस...' म्हणणारी मी. ताईला लागेल म्हणून चार दिवस जीव जाळला, आणि त्या नाटकात मी आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कानशिलं गरम झाली. अंधार होता म्हणून बरं.

प्रयोग संपल्यावर बसस्थानकावर चहा घेतला. ताई बशीत चहा ओतत म्हणाली, "ते लिहिणाऱ्या पोरीला कसं कळलं गं? तू सांगितलं व्हय?"

"काय?"

"फळांचं."

मी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांना पदर लावला. ताईला दया आली असावी. ती म्हणाली, "आगं, रडती कशाला? आईला मोसंबी गिळत नाय आता. खालाची पोरं खातात. तू शनिवारीच येत जा. राहायला. फळं नको आणू."

"येते," मी म्हटलं. गाडी लागली. तिनं खिडकीतून माझ्या खांद्याकडं बोट दाखवलं आणि पुन्हा हसली.

पुढच्याच शनिवारी गेले. पर्स खुंटीला लावली. रविवारी सकाळी ताईनं वाटी माझ्या हातात दिली आणि दारात मशीनवर जाऊन बसली. पहिला चमचा आईनं घेतला. दुसरा अर्धा बाहेर आला. मग तोंड मिटलं. मी लाडानं सांगितलं, गाणं म्हटलं, चमचा धरून धरून दंड भरून आला. वरण निवलं, गरम करून आणलं, पुन्हा निवलं. घड्याळात पाहिलं तर फक्त पाऊण तास झाला होता. आईनं पुन्हा तोंड फिरवलं, वरण माझ्या हातावर सांडलं, आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलं. पाठ झालेलं म्हणून नाही. माझं स्वतःचं होतं.

दारातलं मशीन थांबलं. "काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, आणि पदरानं आईचं तोंड पुसलं.