बोर्ड म्हणतो, सलीमभाई पोचले

मित्रांनो, कनेरगाव नाका रोडवर आत्ता कोणी असाल तर आधी हे वाचा.

सकाळी हिंगोलीत सायकल स्पर्धा होती. नाक्यावरून वळून परत यायचं. प्रत्येक सायकलला चिप. शेवटची रेषा ओलांडली की बोर्डवर नाव येतं. ही नोंद बघायच्या टेबलावर मीच होतो.

सलीमभाईंचं नाव आलं. त्यांची बायको पाण्याची बाटली घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊ, हे काहून दिसून न्हाई राहिले?"

"भाभी, मशीन चुकत नसते. असतील गर्दीत."

बक्षिसं वाटून झाली, तरी भाईंचा पत्ता नाही. मग मी रेषेवरच्या कॅमेऱ्याचा फोटो उघडला. फोटोत आमचाच टेम्पो, बंद पडलेल्या सायकली गोळा करणारा. त्यात भाईंची सायकल आडवी.

टेम्पोवाला म्हणाला, "नाक्याच्या अलीकडच्या पुलाजवळ नुसती सायकल पडून होती. मला वाटलं, माणूस दुसऱ्या गाडीत बसून गेला."

आम्ही पुलाकडेच निघालोय. भाईंचा फोन नुसता वाजून राहिला. कोणी जवळ असाल तर पुलाखाली उतरून बघा.

भाभी मागच्या सीटवर बाटली धरून बसल्यात. मघापासून एकच विचारून राहिल्या, "भाऊ, मशीन चुकत नसते ना?"