बारवीच्या सावलीतली मूठभर माती

आमच्या उल्हासनगरच्या गच्चीवरची तुळस ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकायला लागली आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. सासूबाईंच्या हातची, म्हणून नवी आणून भागणार नव्हतं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर आलं: ‘जिवंत मातीची सहल, बारवीचं जंगल, माणशी चारशे, नाश्ता आपापला.’ चारशेत खताची गोणी आली असती. पण खत घालून झालं होतं. गेले.

सात बायका, एक इको गाडी. पहिला थांबा अंबरनाथचं शिवमंदिर. सकाळीच जा, चपला गाडीत काढा. गाभारा पायऱ्या उतरून खाली, गार, ओलसर. देवानेही स्वतःसाठी सावलीच निवडली आहे, हे तेव्हा नुसतं बघितलं.

बदलापूरला सगळ्यांनी मिसळ खाल्ली, मी घरच्या दशम्या. पुढे बारवीचा रस्ता बरा आहे, मात्र झाडं कमी आणि फार्महाऊसच्या पाट्या जास्त.

सहल नेणाऱ्या मॅडमनी टोपी, गॉगल, हातमोजे घातलेले. झाडं तुटलेल्या मोकळ्या जागेतली माती त्यांनी एका हातात दिली, दाट पाल्याखालची दुसऱ्या. "वास घ्या." पहिली नुसती धूळ. दुसरीला आंबवलेल्या पिठासारखा गोडसर वास.

"डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत हे," मॅडम म्हणाल्या. "सावली गेली की माती तापते, सुकते. वरच्या थरातले बरेच मरतात, थोडे चिवट तेवढे टिकतात." आणि त्यांनी गालाला पुन्हा क्रीम लावलं.

"मॅडम, थोडं मातीलाही लावा," शेजारच्या कदमबाई म्हणाल्या.

जंगलातून काही न्यायचं नसतं. म्हणून जंगलाकडेच्या वाडीतल्या यमुनाबाईंनी स्वतःच्या बांधावरची, बांबूखालची माती दिली.

"माती न्यायला गाडी करून आल्या? तुमच्याकडं जमीन नाय?"

"आहे की. वर फरशी घातली आहे."

"मग खाली गुदमरली असंल."

पैसे घेईनात. उरलेल्या दशम्या दिल्या. ओल्या फडक्यात बांधलेली माती मी घरापर्यंत पदराखाली आणली.

पोचायला तिन्हीसांजा झाल्या. तेव्हा तुळशीला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हाही नाही. पुरचुंडी जिन्याखाली ठेवली. सोमवारी आंघोळ करून बघते, तर जागा रिकामी.

"वहिनी, गच्चीवर आहे," धाकटी जाऊ सुलभा म्हणाली. "जंगलातली माती, किडे असतील. काल गाद्यांबरोबर दिवसभर ऊन दाखवलं. कशी खडखडीत झाली बघा."

आमच्या घरात डाळीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यांना ऊन दाखवतात. गच्चीवर गेले. वास घेतला. धूळ.

खाली आले, तर जिन्याखाली माझ्या चपला. तळाच्या खाचांत बारवीची माती, सावलीत अजून ओलसर. वास तोच, गोडसर. पण चपलेची माती तुळशीला? मग वाटलं, यमुनाबाई त्याच मातीत अनवाणी वावरतात, तिथल्या देवाने कधी तक्रार केलेली नाही. जुन्या चमच्याने खरवडली, तुळशीच्या बुडाशी घातली, वर सुक्या पानांचं पांघरूण घातलं आणि हात जोडून माफी मागितली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन कोवळी पानं दिसली. मातीने आली की माफीने, देव जाणे. चारशेत एवढंच शिकले, की ऊन पानांना दाखवावं, मुळांना नाही.

सुलभा आता काहीही वाळत घालण्याआधी विचारते. आज माझ्या चपला हातात घेऊन उभी होती.

"या तरी उन्हात ठेवू?"

"थांब," म्हटलं. "खाचांत अजून थोडी आहे."